मॅनिफोल्डच्या खोऱ्यातली बार्शी लाइट

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाची एक लहानशी नदी चुनखडीच्या डोंगरांमधून असंख्य वळणे घेत वाहते, आणि ऐन उन्हाळ्यात तिचे पाणी वाटेतच भूमीखाली लुप्त होऊन काही अंतरावर पुन्हा प्रकट होते. या नदीच्या काठाकाठाने २७ जून १९०४ रोजी जी सव्वाआठ मैलांची आगगाडी धावू लागली, ती बार्शी-कुर्डुवाडीकडच्या एखाद्या माणसाने त्या काळी पाहिली असती, तर परमुलखात सोयरा भेटावा तसे त्याला वाटले असते. कारण रुळांमधले अंतर तेच अडीच फुटांचे, इंजिनाच्या तोंडावर हिंदुस्थानी धाटणीचा भलामोठा दिवा, आणि डब्यांच्या टोकांना उभे राहून वारा खावा असे व्हरांडे. दोन्ही मार्ग एकाच इंजिनिअराच्या बुद्धीतून निघालेले होते, आणि त्याचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

हा कॅलथ्रॉप १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी मुख्य लोहमार्गापासून वीसएक मैल दूर पडली होती. आणि रुंद मार्गाचा खर्च जिथे परवडणार नाही तिथे अरुंद मार्ग बांधावा, मात्र तो मालाची खरीखुरी वाहतूक पेलणारा असावा, या विचाराचा त्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. भाराची समान वाटणी हे त्याच्या योजनेचे मर्म होते. इंजिन असो वा मालाचा डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही वजनदार गाडी निर्वेध चालते. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतील लातुरास, आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली, तेव्हा तिची एकंदर लांबी सुमारे ३२५ किलोमीटर भरली. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात लोहमार्ग बांधण्याचा विषय निघाला तेव्हा बार्शीच्या यशाचा दाखला कॅलथ्रॉपच्या हाती होताच.

बार्शी वाढली, मॅनिफोल्डची मात्र वाढ खुंटली. दोनच इंजिने, लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलेली, त्यांतल्या एकाला खुद्द कॅलथ्रॉपचे नाव. चारच डबे, रंगाने फिकट पिवळे. आणि रुंद मार्गावरचा मालडबा जसाच्या तसा पाठीवर घेऊन अरुंद मार्गाने चालणाऱ्या वाहक-गाड्या, ज्यांच्यामुळे माल उतरवून पुन्हा भरण्याचा खटाटोप वाचे. परंतु गावे होती डोंगरमाथ्यावर आणि स्टेशने होती खाली नदीकाठी, त्यामुळे उतारू बेताचेच. दुधावर सारी मदार होती, आणि १९३२ मध्ये एक्टन येथील दुधाचा कारखाना बंद पडल्यावर त्या मार्गाला जगवण्याजोगे काही उरले नाही. १० मार्च १९३४ रोजी शेवटची गाडी धावली. रूळ उचलले गेले, आणि त्याच वाटेवर १९३७ मध्ये पायवाट झाली. ह्यूम एंड या शेवटच्या स्टेशनातील लाकडी तिकीटघर मात्र टिकून राहिले. तिथे आता माहितीकेंद्र आहे आणि त्या स्टेशनाची लहान प्रतिकृतीही मांडलेली आहे. शिवाय आपल्या घरच्या खोलीत, एखाद्या मेजावर किंवा माळ्यावर, मॅनिफोल्डची स्टेशने पुन्हा उभी करणारे हौशी लोक इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. नाहीसे झालेले स्टेशन लाकूड, पुठ्ठा आणि पितळ यांतून परत उभारण्याची ही विद्या मला अत्यंत आदरणीय वाटते.

असे स्टेशन उभारायचे म्हणजे प्रथम दफ्तरात शिरावे लागते. ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याने एका मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाने जे नकाशे काढले, त्यांत फलाट, मालधक्का, सांधे आणि बगलेला काढलेले रूळ दाखवलेले असतात. कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी छापलेल्या अंतर्गत वेळापत्रकावरून कोणती गाडी किती वाजता कुठे पोहोचे हे कळते. परंतु इमारतीची उंची नकाशा सांगत नाही, आणि इमारत तर पाडलेली. अशा वेळी जुने छायाचित्र समोर ठेवून कारागीर भिंतीतले विटांचे थर मोजतो. इंग्लंडात विटेचे चार थर चुन्यासकट सामान्यतः एका फुटात बसत, म्हणून छप्पन्न थर मोजले की भिंत चौदा फुटांची ठरली. योग असा की, तिथल्या सर्वाधिक रूढ प्रमाणात प्रत्यक्षातील एका फुटास चार मिलिमीटर धरतात, त्यामुळे विटेचा एकेक थर बरोबर एकेका मिलिमीटरचा होतो, आणि पुठ्ठ्यावर पट्टी टेकवून सुईच्या टोकाने मिलिमीटर-मिलिमीटरवर रेघा ओढीत गेले की भिंत आपल्या खऱ्या मापाने वर येऊ लागते. रंगाचे काम याहून बिकट. जुन्या काळच्या काचेवरील छायाचित्रांना तांबडा रंग दिसतच नसे. तांबडी पाटी त्यांत काळी उमटते, आणि निळे आकाश पांढरेफटक. तेव्हा एखादा दरवाजा छायाचित्रात काळा आहे, एवढ्यावरून तो काळा होता असे म्हणणे धोक्याचे ठरते. त्याची रुजवात दुसऱ्या कागदांवरून, आणि ज्याने तो दरवाजा उघडला-मिटला त्याच्या आठवणीवरून करावी लागते.

रुळांच्या बाबतीत तर या मंडळींचा काटेकोरपणा थक्क करणारा आहे. फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणाने ब्रिटनचा चार फूट साडेआठ इंची मार्ग १८.८३ मिलिमीटरचा व्हावयास हवा, परंतु व्यापारी कारखान्यांनी दुसऱ्या एका लहान प्रमाणासाठी ठरलेले साडेसोळा मिलिमीटरचे रूळच त्याला लावले, आणि तेच रूढ झाले; परिणामी बाजारच्या गाडीखालचा मार्ग खऱ्या हिशेबाने सात इंच अरुंद भरतो. बहुसंख्य लोक हे चालवून घेतात. काही थोडे लोक घेत नाहीत, आणि १८.८३ चे रूळ स्वतः हाताने टाकतात. अडीच फुटी मार्ग मात्र या प्रमाणात नेमका दहा मिलिमीटरचा होतो, मग तो मॅनिफोल्डचा असो की बार्शीचा.

जिथे सर्वांनाच तडजोड करावी लागते ती गोष्ट लांबी. एक मैल म्हटला तरी या प्रमाणात तो एकवीस मीटरांचा होतो, आणि मॅनिफोल्डचा सबंध मार्ग मांडायचा तर पावणेदोनशे मीटर जागा लागेल. म्हणून एक स्टेशन निवडायचे, फलाटाची लांबी थोडी आखडायची, दोन इमारतींमधली मोकळी जागा कमी करायची, आणि तरीही त्या गावचा म्हातारा माणूस पाहून ‘हेच ते’ म्हणेल इतके सत्य शिल्लक ठेवायचे. काय कापले हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणारा कारागीर मला अधिक विश्वासू वाटतो.

हा नाद ब्रिटनमध्ये एवढा का फोफावला, याचे एक कारण तेथील इतिहासात आहे. लोहमार्गांचा तोटा वाढत गेल्यावर सरकारने नेमलेल्या डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल २७ मार्च १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे पाच हजार मैलांचा मार्ग आणि २,३६३ स्टेशने बंद करण्याची शिफारस होती. त्यांतली काही वाचली, पुष्कळशी गेली. बाथहून दक्षिणेस समुद्राकडे जाणारा आणि लोकांच्या विशेष जिव्हाळ्याचा सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्ग मार्च १९६६ मध्ये बंद झाला, आणि त्याच्या स्टेशनांच्या प्रतिकृती आजतागायत होत आहेत. मात्र या विद्येचा पाया त्याही आधी घातला गेला होता. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये आलेला तरुण, ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतील गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत बदलत चाललेली पाहून अस्वस्थ झाला, आणि त्या घरांची मापे घेऊन पुठ्ठ्याची घरे जलरंगांनी रंगवीत बसला. १९५४ मध्ये लाँग विटनम येथे त्याने स्थापन केलेल्या पेंडन संग्रहालयात १९३० च्या सुमाराचा तो सबंध मुलूख, आगगाडीसह, आज पाहावयास मिळतो.

ग्रंथकाराने ‘स्टेशनामागे एक शेड होती’ असे लिहिले की त्याचे काम भागते. प्रतिकृती करणाऱ्याला त्या शेडची मागची भिंतही करावी लागते, आणि ती करताना तिला खिडकी होती की नव्हती याचे उत्तर द्यावेच लागते. ग्रंथांनी कधी न विचारलेले हे प्रश्न दफ्तरांतून आणि माणसांच्या स्मृतीतून धुंडाळीत असताना, ज्या तपशिलाची कोणीही नोंद ठेवली नव्हती तो तपशील प्रथमच नोंदला जातो. या हौसेला मी इतिहासाचे काम मानतो ते एवढ्यासाठी.

बार्शी लाइटला या कामाची आज निकड आहे. १ जानेवारी १९५४ रोजी तो मार्ग सरकारी मालकीचा झाला, आणि पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला; ही मागणी लोकांचीच होती आणि ती रास्तही होती. नवा मार्ग पूर्वी दूर राहिलेल्या उस्मानाबाद शहराजवळून नेण्यात आला, तेव्हा जुन्या आखणीचा काही भाग कायमचा मागे पडला, आणि तिथे आता गाडी येत नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि ते पाहून हरखलेली मुले आज मोठी झाली आहेत, म्हणजे हौस आणि हात दोन्ही आपल्याकडे आहेत. एकच स्टेशन घ्यायचे तर मी बार्शी टाउन निवडीन. पाण्याचा नळ फलाटाच्या कोणत्या टोकाला होता, तिकिटाची खिडकी कोणत्या दिशेला उघडे, आषाढीच्या गर्दीसाठी जादा डबे कोणत्या रुळावर उभे करीत, कापसाच्या गाठी मालधक्क्यावर आडव्या रचीत की उभ्या, हे प्रश्न मिरज-कुर्डुवाडीकडच्या जुन्या सांधेवाल्यांना आणि गार्डांना विचारायचे आहेत. आणि वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत ज्यांनी कोळसा टाकला, ते फायरमन आज वार्धक्यात आहेत.