पगार २१,००० च्या पुढे गेला, तर विम्याचे काय?

अहिल्यानगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत काम करणाऱ्याचा सर्वांत स्वस्त आरोग्यविमा बहुधा त्याच्या पगारपत्रकातच असतो. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर कामगार राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. म्हणजे १८,००० च्या पगारातून कापले जातात अवघे १३५ रुपये, आणि त्यात अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचे उपचारही येतात. कंत्राटी कामगाराचाही हा हक्क आहे. विमा क्रमांक मागून घ्यावाच.

खरी अडचण पगारवाढीनंतर येते. मर्यादा ओलांडली तरी कपात चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, सुरू राहते. खासगी पॉलिसी याच काळात घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. (मधुमेह असेल तर अर्जात लिहाच, लपवलेल्या आजारावरच दावा अडतो.)

राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरावीक उपचारांना आणि अंगीकृत रुग्णालयांतच. खासगी पॉलिसी घेताना हप्त्याआधी खोलीभाड्याची अट वाचावी. ५ लाखांच्या विमा रकमेवर १ टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. १०,००० ची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच मंजूर होऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही.