बार्न्स स्कूल, देवळाली

महाराष्ट्र राज्याच्या नासिक जिल्ह्यातील देवळाली येथील इंग्रजी माध्यमाची एक जुनी निवासी शाळा. सध्याच्या जागी तिची स्थापना १९२५ मध्ये झाली. तथापि तिची परंपरा मुंबईच्या कोट भागात १७१८ मध्ये निघालेल्या धर्मादाय शाळेपर्यंत मागे जाते. इंग्लंडमधील ‘पब्लिक स्कूल’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वायत्त, निवासी शाळांच्या घडणीचे अनेक विशेष तिच्यात आढळतात. मराठी शालेय शिक्षणाच्या व मराठी ग्रंथमुद्रणाच्या प्रारंभाशी तिच्या चालक संस्थेचा जो निकटचा संबंध आला, तो मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही.

मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. पाश्चात्त्य धर्तीच्या शिक्षणसंस्था ह्या प्रदेशाला त्यापूर्वीही अपरिचित नव्हत्या. पोर्तुगीज अंमलाखालील साष्टी बेटावर, चारकोप-बोरिवलीच्या बाजूस मंडपेश्वर येथे, फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी सोळाव्या शतकातच लेण्यांच्या माथ्यावर विद्यालय उभारले होते. कंपनीच्या मुंबईत मात्र अर्धशतकापर्यंत शिक्षणाची काहीच सोय नव्हती. हवा रोगट होती. नव्याने आलेल्या युरोपीयाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे त्या काळी म्हटले जाई. मृत सैनिकांची व खलाशांची मुले, त्यांतही एतद्देशीय मातांच्या पोटी जन्मलेली, रस्त्यावर येत. कंपनीचा धर्मोपदेशक रिचर्ड कॉब ह्याने कोटातील सेंट टॉमस चर्चच्या उभारणीसाठी वर्गणी जमवली व ते १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले. त्याच वर्षी चर्चजवळ त्याने एक मोफत शाळा काढली. बारा गरीब मुलगे आणि एक शिक्षक एवढाच तिचा पसारा होता. मुलांच्या निवासाची, अन्नवस्त्रांची व शिक्षणाची सोय शाळेतच होती. ही शाळा जवळजवळ शंभर वर्षे लहान प्रमाणावरच चालू राहिली.

मुंबईचा पहिला आर्चडीकन जॉर्ज बार्न्स हा १८१४ मध्ये येथे आला. वाढत्या अनाथ मुलांना ही शाळा अपुरी आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने नागरिकांना मदतीचे आवाहन केले. त्यातून २९ जानेवारी १८१५ रोजी मुंबई इलाख्यातील गरिबांच्या शिक्षणासाठी एक मंडळी स्थापन झाली. पुढे ती ‘बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’ ह्या सुटसुटीत नावाने प्रसिद्ध झाली. कॉबची शाळा तिने आपल्याकडे घेतली.

सोसायटीच्या शाळांत अँड्रू बेल ह्याची ‘मद्रास पद्धती’ स्वीकारण्यात आली. हुशार व मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवावे, म्हणजे एका शिक्षकाच्या देखरेखीखाली अनेक मुले शिकू शकतात, असे ह्या पद्धतीचे सूत्र होते. मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमात काम करीत असताना बेलला ती एतद्देशीय मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहून सुचली. आपल्याकडील पंतोजींच्या शाळांत वरच्या मुलाने खालच्याला शिकवण्याची चाल जुनीच होती. येथून उचललेली रीत इंग्लंडला जाऊन नामांकित झाली आणि नवी पद्धती म्हणून पुन्हा येथेच परतली, हा योगायोग मनोरंजक आहे.

सोसायटीचा मूळ उद्देश युरोपीय वंशाच्या गरीब मुलांना ख्रिस्ती धर्मानुसार शिक्षण देण्याचा होता. तरीही एतद्देशीय मुलांना तिने आपल्या शाळांत प्रवेश दिला व धर्मशिक्षणाची सक्ती त्यांच्यावर केली नाही. थोड्याच वर्षांत गिरगाव, माझगाव व कोट भागात एतद्देशीय मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. ह्या शाळांना देशी भाषांतील पुस्तके हवी होती आणि ती तर अस्तित्वातच नव्हती. तेव्हा १८२० मध्ये एक स्वतंत्र समिती नेमण्यात आली. गव्हर्नर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन ह्याचा तिला पाठिंबा होता. धर्मोपदेशकांच्या संस्थेने एतद्देशीयांचे शिक्षण चालवावे की नाही, हा प्रश्न पुढे येणे अपरिहार्य होते. १८२२ मध्ये ही समिती मूळ संस्थेपासून वेगळी झाली. मराठीत ‘हैंदशाळा पुस्तक मंडळी’ म्हणून ओळखली जाणारी व पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झालेली संस्था ती हीच. सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे हे तिचे एतद्देशीय सचिव होते. बाळशास्त्री जांभेकरांनीही तिच्या कामात भाग घेतला. छत्र्यांची बाळमित्र व इसापनीतिकथा (१८२८) ही पुस्तके ह्याच खटाटोपातून निघाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे मूळही येथेच सापडते. दादाभाई नवरोजी ह्या नव्या सोसायटीच्या शाळेतच शिकले. बारा अनाथांच्या शाळेला फुटलेली ही फांदी मूळ झाडापेक्षा कितीतरी मोठी झाली.

मूळ शाखा आपल्या वाटेने चालू राहिली. सरकारने भायखळ्यास दिलेल्या जागेवर बांधलेल्या इमारतींत १८२५ मध्ये शाळा हलविण्यात आली. मुलगे व मुली या दोघांचीही तेथे सोय होती. भायखळ्याचा सोसायटीचा छापखाना तर महाराष्ट्राच्या विद्याव्यवहारात स्वतंत्र स्थान मिळवून आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती (१८५७) सरकारसाठी येथेच छापली गेली. आजही अभ्यासकाच्या हाताशी असणाऱ्या ह्या कोशाच्या मुखपृष्ठावर सोसायटीचे नाव आहे. परंतु ती सोसायटी मूळची अनाथांच्या शाळेची, हे वाचणाऱ्याच्या सहसा मनात येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांच्या शिक्षणास निराळे वळण लागले. लॉर्ड कॅनिंगने १८६० च्या आपल्या टिपणात अशा मुलांसाठी थंड हवेच्या ठिकाणी शाळा काढण्याचा पुरस्कार केला. ‘युरोपीय शाळा’ असा वेगळा वर्ग, वेगळे नियम व वेगळे अनुदान ही व्यवस्था रुजत गेली आणि त्या शाळांतील एतद्देशीय मुलांच्या प्रवेशावर मर्यादा आल्या. ज्या संस्थेने १८१५ नंतर आपले दार सर्वांना उघडले होते, तीही ह्या चौकटीत बसली. दरम्यान भायखळा गिरण्यांनी व चाळींनी वेढले गेले. निवासी मुलांना मोकळी हवा व मैदाने मिळावीत म्हणून सोसायटीने देवळालीची निवड केली. लष्करी छावणी, रेल्वेस्थानक व पठारावरील कोरडी हवा ह्या तिन्ही गोष्टी तेथे अनुकूल होत्या. १९२३ मध्ये कोनशिला बसविण्यात आली आणि २९ जानेवारी १९२५ रोजी, म्हणजे सोसायटीच्या स्थापनेस बरोबर ११० वर्षे झाली त्या दिवशी, गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्याच्या हस्ते शाळेचे उद्‌घाटन झाले. आर्चडीकन बार्न्सचे नाव तिला देण्यात आले. भायखळ्याच्या जागी राहिलेली दिवसाची शाळा ख्राइस्ट चर्च स्कूल म्हणून ओळखली जाते.

‘पब्लिक स्कूल’ हे नाव फसवे आहे. विंचेस्टर (१३८२) व ईटन (१४४०) ह्या शाळा मुळात गरीब विद्यार्थ्यांसाठी स्थापन झाल्या. सहाव्या हेन्रीने ईटनला सत्तर निर्धन विद्यार्थ्यांची तरतूद केली होती. कालांतराने त्या धनिकांच्या झाल्या. रग्बीचा मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड (कार्यकाल १८२८–४२) ह्याने शिस्तीचा भार वरच्या वर्गातील मुलांवर सोपवला, प्रार्थनामंदिराला शाळेच्या केंद्रस्थानी आणले व चारित्र्यघडणीवर भर दिला. त्याचा कित्ता पुढे साम्राज्यभर गिरवला गेला. बार्न्स स्कूलमधील परंपरा ह्याच वळणाच्या आहेत. विद्यार्थी ‘हाउस’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. कँडी, ग्रीव्ह्‌ज, रॉयल व स्पेन्स ही त्या गटांची नावे होत. खेळांतील व इतर स्पर्धांतील गुण गटाच्या नावे जमा होतात, त्यामुळे एकट्याचे यश गटाचे ठरते. वरच्या वर्गातील निवडक मुले प्रीफेक्ट म्हणून शिस्त राखतात. घंटेच्या टोल्यावर बांधलेला दिनक्रम, प्रार्थना, सामुदायिक भोजन व सायंकाळचे खेळ हे अशा शाळांतील जीवनाचे ठळक घटक होत. अशा व्यवस्थेत स्वावलंबन व सांघिक वृत्ती वाढते हे खरे. घरापासून व भोवतालच्या समाजापासून मूल दूर पडते, हा आक्षेपही तितकाच जुना आहे.

स्वातंत्र्यानंतर ह्या शाळेचे नाव भारतीय संविधानाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. संविधानाच्या ३३७ व्या अनुच्छेदाने अँग्लो-इंडियन शाळांना दहा वर्षांपर्यंत घटत्या प्रमाणात अनुदान चालू ठेवले. त्यासाठी वार्षिक प्रवेशांपैकी किमान चाळीस टक्के जागा इतर समाजांना उपलब्ध करून देण्याची अट घातली. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन अथवा आशियाबाह्य वंशाच्या नागरिकांच्या मुलांखेरीज कोणालाही प्रवेश देऊ नये. मातृभाषेतून व राष्ट्रभाषेतून शिक्षणास उत्तेजन देण्याचे धोरण त्यामागे होते. बार्न्स स्कूलमध्ये डिसेंबर १९५३ मध्ये ४१५ विद्यार्थी होते. त्यांपैकी २१२ अँग्लो-इंडियन, तर २०३ इतर समाजांतील होते. आदेशामुळे शाळेचा जवळजवळ निम्मा भाग बंद होणार होता. सोसायटी न्यायालयात गेली. तिच्याबरोबर इंग्रजी ही मातृभाषा असलेले एक भारतीय ख्रिस्ती पालक आणि मुलाला वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्रजीतून शिकवू इच्छिणारे एक गुजराती हिंदू पालक हेही होते. मुंबई उच्च न्यायालयाने (मुख्य न्यायाधीश छागला व न्या. दीक्षित) आदेश अवैध ठरविला. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये फेटाळले. निकालपत्र न्या. सुधीरंजन दास यांनी लिहिले. अनुदानित संस्थेत धर्म, वंश, जात वा भाषा ह्या कारणांवरून प्रवेश नाकारण्यास २९ (२) हा अनुच्छेद मनाई करतो आणि हे संरक्षण अल्पसंख्याकांपुरते नसून प्रत्येक नागरिकास आहे, असे त्यात म्हटले आहे. चाळीस टक्के जागा इतरांना देण्याचे बंधन संविधान घालते आणि आदेश ते पाळूच देत नाही, ही विसंगतीही न्यायालयाने दाखवून दिली. शासनाचा भाषाविषयक हेतू चांगला असला, तरी आदेशाचा प्रत्यक्ष परिणाम हीच कसोटी मानली गेली.

ह्या निकालाचे परिणाम दुहेरी झाले. इंग्रजी शाळांची दारे सर्व समाजांना खुली राहिली आणि वंशावर आधारलेली जुनी विभागणी मोडली. त्याचबरोबर सुस्थितीतील मराठी कुटुंबांचा इंग्रजी माध्यमाकडे असलेला ओढाही मोकळा झाला. मराठी शाळांच्या भवितव्याची चर्चा करताना ही बाजू वगळता येत नाही. विशेष अनुदानाची मुदत १९६० मध्ये संपली. पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व कॅनडा येथे गेल्याने त्या समाजातील विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. केंब्रिजच्या परीक्षांची जागा १९५८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय परिषदेच्या शालेय प्रमाणपत्र परीक्षांनी घेतली. शाळेला पुढे कनिष्ठ महाविद्यालयाचीही जोड मिळाली.