संगीतशिक्षणाच्या परंपरा : लेखांक ७ – गोव्याच्या चर्चशाळा

गोव्यातील तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या तालुक्यांत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला जोडून शाळा सुरू होऊ लागल्या. पोर्तुगीजमध्ये अशा शाळेला ‘एस्कोला पारोकियाल’ म्हणत. गावातील ख्रिस्ती मुलगे तेथे अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि संगीत हे तीन विषय शिकत. रविवारची मिस्सा, सणांच्या प्रार्थना, लेंटमधील म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळातील मिरवणुका हे सारे गाण्यावाचून पार पडत नसे. त्यामुळे प्रत्येक चर्चला गाणारे गळे आणि व्हायोलिन वाजवणारे हात लागत, आणि ते गावातच तयार करावे लागत.

पोर्तुगीजांनी गोवा शहर १५१० साली जिंकले. १५४१ मध्ये तेथे धर्मशिक्षणासाठी एक संस्था निघाली. पुढे ती जेसुइटांच्या हाती गेली आणि सेंट पॉल कॉलेज म्हणून नावारूपाला आली. तेथील विद्यार्थ्यांना गायन शिकवले जाई. बारदेशात फ्रान्सिस्कन आणि सासष्टीत जेसुइट संघाने हेच काम गावोगावी नेले. गायलेली प्रार्थना लवकर पाठ होते आणि लोकांना ओढून आणते, हे धर्मप्रसारकांनी ओळखले होते. या शिक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करणारे न्यायालय बसले, आणि त्याच्या १७३६ च्या हुकूमनाम्याने लग्नातील ओव्यांसारख्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. एक संगीत शिकवले जात असताना दुसरे घराघरांतून पुसून टाकण्याचा प्रयत्न चालू होता. ही हानी मोठी होती, आणि चर्चशाळांच्या गुणांचे वर्णन करताना ती झाकता येत नाही.

ग्विदो दारेत्सो याने अकराव्या शतकात घडवलेल्या स्वरवाचनाच्या पद्धतीचा परिचय मागील लेखांकात झाला. तिचेच विकसित रूप पोर्तुगालमार्गे गोव्यात आले. ‘सोल्फेजो’ हा तिचा कणा होता. मुलाच्या हाती व्हायोलिन लगेच दिले जात नसे. आधी पाच रेषांवरचे स्वर ओळखायचे, मग त्यांची नावे दो, रे, मी अशी सुरात म्हणायची, आणि त्याच वेळी हाताने मात्रा मोजायच्या. चार मात्रांचे माप असेल तर हात खाली, डावीकडे, उजवीकडे आणि वर असा फिरे. स्वर कुठे लांबवायचा आणि विराम किती मात्रांचा, हे सगळे गळ्यातून आणि हातातून पक्के झाल्यावरच गज तारेवर पडे. या शिस्तीत तयार झालेला मुलगा पूर्वी कधीही न ऐकलेली रचना समोरच्या कागदावरून थेट गाऊ किंवा वाजवू शकत असे.

या पद्धतीत ‘दो’ ही ठरलेली पट्टी असते. भारतीय षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे वरखाली सरकतो, पोर्तुगीज परंपरेतील ‘दो’ मात्र जागचा हलत नाही. पुढे मुंबईत या दोन रीती समोरासमोर आल्या तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरला.

शिकवणाऱ्याला ‘मेस्त्रे-कापेला’ म्हणत. चर्चचा गायकवृंद सांभाळणे आणि शाळा चालवणे अशी दोन्ही कामे त्याच्याकडे असत. त्याच्या निर्वाहाचा भार चर्चचा निधी किंवा गावची कोमुनिदाद म्हणजे गावकरी संस्था उचले. जेसुइटांना १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून घालवून देण्यात आले आणि १८३४ मध्ये इतर धर्मसंघही बरखास्त झाले, तरी शाळा बंद पडल्या नाहीत, कारण तोवर ही विद्या गोमंतकीय पाद्री आणि गावचे मेस्त्रे यांच्या अंगवळणी पडली होती. चर्चबाहेरही ती रुजली. घरोघरी आणि क्रुसांपुढे म्हटली जाणारी लादाईन ही प्रार्थना लॅटिनमध्ये, अनेक स्वरांत आणि व्हायोलिनच्या साथीने गायली जाई. एकोणिसाव्या शतकात सासष्टीत बहरलेल्या मांडो या गीतप्रकारात व्हायोलिन आणि मातीचे घुमट शेजारी बसले, आणि त्यात पाश्चात्त्य स्वरसंगतीला कोंकणी शब्द मिळाले.

गोव्यात रोजगार तुटपुंजा होता. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र लष्करी आणि पोलिसी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, जहाजे, हॉटेले आणि क्लब यांना नोटेशन वाचणारे वादक हवे होते. चर्चसाठी शिकवलेली विद्या अशी पोटाची विद्या बनली. मुंबईत आलेला गोमंतकीय तरुण आपल्या गावाच्या ‘कूड’ म्हणजे सामायिक वसतिगृहात उतरे आणि तेथूनच काम शोधे. मूकपटांच्या काळात थिएटरमध्ये पडद्यासमोर बसून वाजवणाऱ्यांत गोवेकर पुष्कळ होते. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रातही त्यांचा भरणा होता.

बोलपट आल्यावर या शिक्षणाची खरी कसोटी लागली. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी, ती सरगममध्ये किंवा नुसती मनात असे. गायिकेची पट्टी काळी एक, गायकाची पांढरी चार. स्टुडिओत तीसचाळीस वादक बसलेले, आणि एका दिवसात गाणे ध्वनिमुद्रित व्हायचे. इतक्या वादकांना तोंडी शिकवायला तेवढा वेळ कुठून आणायचा? अरेंजर चाल ऐकून ती त्या पट्टीत पाच रेषांवर उतरवी, इंटरल्यूड रची, व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांचे वेगवेगळे कागद करी, आणि वादक ते पाहून लगेच वाजवत. हिंदी चित्रपटसंगीताचा भरघोस नाद या व्यवस्थेवर उभा होता. श्रेयनामावलीत तिच्या कारागिरांना क्वचितच जागा मिळाली, हा अन्याय आजही पुरता भरून निघालेला नाही.

संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ होते. शंकर-जयकिशन यांची अनेक गाणी सेबॅस्टियन डिसोझा यांनी सजवली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालवीस (१९२७–२०१२) यांचे वडील गावच्या चर्चमध्ये संगीत शिकवत. अँथनींनी पुढे संगीतकार झालेल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले, आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील अँथनी गोन्सालवीस हे नाव ही शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना होती. अँथनींची आकांक्षा साथीपुरती नव्हती. रागांना वाद्यवृंदाचे रूप देण्यासाठी त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणातील त्याच्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले.

लताबाईंचे वडील दीनानाथ मंगेशीचे. धर्मांतराच्या काळात सासष्टी, तिसवाडीतील अनेक देवता नदीपलीकडे फोंडा भागात हलवल्या गेल्या. मंगेशीचा मंगेश त्यांपैकीच एक. त्या भागातील देवळांच्या आश्रयाने कलावंतांची गायकी वाढली, आणि गायिका केसरबाई केरकर तिथल्याच केरी गावच्या. सोळाव्या शतकात बळजबरीने अलग झालेले गोव्याचे हे दोन संगीतप्रवाह चारशे वर्षांनी मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत एका मायक्रोफोनपुढे आले. एकाने विद्या तोंडी जपली होती, दुसऱ्याने कागदावर, आणि गाण्याला दोन्ही हवे होते.

चर्चशाळांचा ऱ्हास मुंबईतील या भरभराटीच्या आधीच सुरू झाला होता. १९१० नंतर पोर्तुगीज प्रजासत्ताकाने चर्च आणि शासन वेगळे केले, तसे सरकारी शिक्षणाचे महत्त्व वाढले. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लॅटिनऐवजी कोंकणीत होऊ लागली आणि जुन्या रचनांचा रोजचा उपयोग कमी झाला. गोवामुक्तीनंतर मुलांचा ओढा इंग्रजी शाळांकडे वळला. पुढे सिंथेसायझर आल्यावर स्टुडिओतील मोठे वाद्यवृंदही मोडले. चर्चशाळेचे काम काही प्रमाणात संस्थांनी उचलले. आंतोनियो द फिगेरेदो यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पणजीत अकादेमिया द म्युझिका निघाली, आणि पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाने तिचे अध्यापन चालू ठेवले. गावातून वाद्य शिकायला येणारा मुलगा तेथेही आधी सोल्फेजोच शिकतो.