विश्लेषण : पाऊस ३,००० मिमी, तरी भाजी घाटावरून! महाड-पोलादपूरच्या दहा गुंठ्यांचे गणित काय?

पावसाळ्यात सावित्री, गांधारी आणि काळ या नद्या दुथडी भरून वाहतात. मार्च उजाडला की याच पट्ट्यातील अनेक वाड्या टँकरची वाट पाहू लागतात. या दोन टोकांमध्ये इथले शेतकरी कुटुंब खरिपात भात घेते आणि उरलेले वर्ष बहुतेक जमीन रिकामी राहते. महाड आणि पोलादपूरच्या बाजारातील बरीचशी भाजी मात्र घाटावरून टेम्पोने येते. घरच्या दहा गुंठ्यांत रसायनांशिवाय भाजी पिकवून ती जवळच्याच ठरावीक घरांना देणे शक्य आहे का, याचा हा आढावा.

भात निघाल्यावर शेत रिकामे का?

भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. त्यानंतर जमिनीतील ओलीवर काही शेतकरी वाल, चवळी, हरभरा घेतात. रायगडची पोपटी याच वालाच्या शेंगांवर रंगते. पण भाजीला नियमित पाणी लागते आणि उताराच्या, जांभ्याच्या जमिनीत ओल फार काळ टिकत नाही.

दुसरी अडचण गुरांची. कापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची पद्धत जुनी आहे. त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने भाजी लावली तर कुंपणाचा खर्च त्याच्याच डोक्यावर येतो. गावाने मिळून गुरे बांधायचे ठरवले तर तोच खर्च बराच कमी होतो. वानर आणि रानडुकरे यांचा त्रास वेगळाच. त्यात तरुण मुंबई-पुण्याला असल्याने घरी राखणीला माणूस नसतो.

पाण्याचे गणित काय सांगते?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. या भागात वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस होतो. म्हणजे केवळ या दहा गुंठ्यांवर ३० लाख लिटर पाणी पडते.

आता गरज पाहू. उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या दिवसांत भाजीला रोज सुमारे ५ मिमी पाणी लागते असे धरले, तर १२० दिवसांसाठी ६ लाख लिटर पुरतात. ठिबक आणि आच्छादन असेल तर त्याहून कमी. म्हणजे गरजेच्या पाचपट पाणी त्याच जागेवर पडते; पण ते चार महिन्यांत पडते आणि उतारावरून वाहून नदीला मिळते. कमतरता पावसाची नाही, साठवणीची आहे.

मग पाणी अडवायचे कसे?

सर्वांत स्वस्त उपाय वनराई बंधाऱ्याचा. पाऊस ओसरताना ओढ्यात मातीने भरलेल्या गोण्या रचून पाणी अडवले जाते. खर्च मुख्यतः श्रमाचा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने दगड आणि प्लास्टिक कापड वापरून बांधायचा ‘कोकण विजय बंधारा’ही सुचवला आहे. मात्र ओढा आटला की या बंधाऱ्यांचा उपयोग संपतो.

पुढच्या महिन्यांसाठी शेततळे लागते. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार कमाल ७५ हजार रुपये अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. जांभ्यात पाणी मुरत असल्याने अस्तरीकरण टाळता येत नाही. शिवाय ६ लाख लिटरचे तळे तीनेक गुंठे जागा खाते. म्हणून फेब्रुवारीपर्यंत दहा गुंठे आणि त्यानंतर पाच गुंठे, असे नियोजन छोट्या कुटुंबाला अधिक परवडणारे ठरते.

रसायनांशिवाय कीड आणि खताचे काय?

जोरदार पावसात जमिनीतील अन्नद्रव्ये वाहून जातात, म्हणून इथे सेंद्रिय खताला पर्याय नाही. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजताना जो पाला जाळला जातो, त्यातला काही भाग कुजवला तर खत आणि आच्छादन दोन्ही मिळते. एकरी जीवामृतासाठी १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी लागते. म्हणजे घरी एखादी गाय असली तरी दहा गुंठ्यांचे काम भागते.

काकडी, कारली, दोडक्याचा मोठा शत्रू फळमाशी. तिच्यासाठी ‘क्यू ल्युअर’ची वडी लावलेला सापळा वापरतात, दापोली विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा कोकणात परिचित आहे. ‘कोकण तारा’ कारले, ‘कोकण हरिता’ दोडका, ‘कोकण श्वेता’ पडवळ हे वाणही याच विद्यापीठाचे. एकाच वेळी सगळे न लावता दर पंधरा दिवसांनी थोडी लागवड केली, तर कीड एकदम पसरत नाही आणि भाजीही एकाच आठवड्यात अंगावर येत नाही.

किती घरांना भाजी पुरेल?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. चार माणसांच्या घराला आठवड्याला ११ किलो. यातली ४ किलो भाजी या शेतातून द्यायची ठरवली, तर २० घरांना २० आठवड्यांत १,६०० किलो लागेल.

देशात भाजीपाल्याची सरासरी उत्पादकता हेक्टरी १८ टनांच्या आसपास आहे. त्या हिशेबाने दहा गुंठ्यांत एका पिकाचे १,८०० किलो येतात. पण रसायने नाहीत, जमीन उताराची आणि अनुभव नवा. त्यामुळे पहिल्या वर्षी निम्मेच धरणे शहाणपणाचे. ९०० किलोंत ११ घरे होतात. म्हणजे सुरुवात २० नव्हे, १० घरांपासून करावी.

या घरांनी हंगामाचे किंवा निदान महिन्याचे पैसे आगाऊ दिले तर बियाण्यासाठी कर्ज काढावे लागत नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने ही पद्धत रुजली. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ हा उपक्रम याच धर्तीवरचा. ग्राहकाला मात्र एक सवय सोडावी लागते : यादी आपण द्यायची नाही, शेतात असेल ते घ्यायचे.

थेट विक्री आणि ‘सेंद्रिय’ शब्दाचे नियम काय?

महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे थेट विक्रीला अडसर नाही. ‘सेंद्रिय’ म्हणून विकण्यासाठी एरवी प्रमाणपत्र लागते. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मूळ उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना त्यातून सूट आहे. मात्र ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह वापरता येत नाही. प्रमाणपत्र हवेच असेल तर पीजीएस पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करता येते. दहा घरांच्या बाबतीत मात्र सर्वांत भक्कम प्रमाणपत्र म्हणजे महिन्यातून एकदा ग्राहकाने शेतावर येणे.

पावसाळ्यात हे चालेल का?

गरज खरे तर तेव्हाच जास्त असते. वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो, आंबेनळीत दरडी कोसळतात आणि भाजीची वाट अडते. मांडवावरच्या वेलभाज्या, अळू आणि टाकळा, कुर्डू, करटुलीसारख्या रानभाज्या या काळात आधार देतात.

पण जागा निवडताना २२ जुलै २०२१ विसरता येत नाही. त्या दिवशी महाड शहर पाण्याखाली गेले आणि तळियेत दरडीखाली ८० हून अधिक जणांचा जीव गेला. नदीकाठचा सखल तुकडा पुरात जातो. वस्तीच्या वरच्या उतारावर तळे खोदले तर पाणी मुरून धोका वाढू शकतो. त्यामुळे खोदाईपूर्वी तांत्रिक पाहणी हवीच.

निर्णायक काय ठरेल?

पाणी आकाशातून येते, वाण दापोलीत आहेत, विक्रीला कायद्याची आडकाठी नाही. उरतात दोन गोष्टी : नोव्हेंबरनंतर गुरे बांधून ठेवण्याचा गावाचा निर्णय आणि आगाऊ पैसे देणारी दहा घरे. त्या जमल्या, तर भात निघाल्यावर मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी एखादे कुटुंब पुन्हा विचार करू शकते.