करवत घेण्याआधी

वाइब्लिंगन (जर्मनी), फेब्रुवारी

"तुमच्याकडे बरं आहे, बटण दाबलं की फांदी खाली!" हे फोनवर इतकं ऐकलंय की त्यावर बोलणं मी सोडून दिलं होतं. हल्ली मात्र प्रश्न बदललाय. बॅटरीवरच्या करवती ऑनलाइन स्वस्तात मिळायला लागल्यापासून दापोलीचा मामा, कोथरूडच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि संगमेश्वरकडचा चुलतभाऊ, म्हणजे दादा, तिघंही एकच विचारतात: कुठली घेऊ? मला विचारण्याचं कारण एवढंच, की स्टुटगार्टला लागून असलेल्या ज्या गावात मी राहते तिथे श्टील या करवतीवाल्या कंपनीचं मुख्यालय आहे. साखर कारखान्याशेजारी राहणाऱ्या बाईला पाक जमतोच, असं धरून चालण्यातला हा प्रकार.

आन्द्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये स्टुटगार्टला कंपनी काढली, तेव्हा त्यांची पहिली साखळी-करवत विजेवरच चालायची. धरायला दोन माणसं लागत. मग पेट्रोल आलं, धूर आला, कानठळ्या आल्या. आता गाडी फिरून विजेवर आलीय, फक्त मधली वायर गेली. तरीही इथे घरोघरी करवत का, याचं उत्तर कंपनीत नाही, गावाबाहेरच्या उतारांवर आहे. तिथे सफरचंद, पेअर, चेरीची उंच जुनी झाडं विखरून उभी असतात, खाली गवत. 'श्ट्रॉयओब्स्ट' म्हणतात अशा बागांना. २०२१ मध्ये जर्मनीने ही बागायत आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. या भागात वारसाहक्काने जमिनीचे पिढ्यान्‌पिढ्या तुकडे पडत गेले, अगदी आपल्या कोकणासारखे. त्यामुळे ऑफिसातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याच्या नावावर आजोबांची पाच-सात झाडं निघतात. माणूस बोलावून छाटून घ्यावीत तर बिल सफरचंदांना परवडत नाही. म्हणून तो स्वतः करतो. हौस वगैरे नंतरची.

आता 'बटण दाबलं की' याबद्दल. इथे १ मार्च ते ३० सप्टेंबर हेज आणि झुडपं बुंध्यापर्यंत छाटायला देशभर बंदी असते, कारण तो पक्ष्यांच्या विणीचा काळ. त्या वर्षीची कोवळी वाढ हलक्या हाताने काढायला हरकत नाही. परसातल्या झाडांना या बंदीतून सूट आहे, पण त्यात घरटं दिसलं की सूट संपली. त्यावर कितीतरी नगरपालिकांचे स्वतःचे नियम: खोडाचा घेर ठरावीक मापापुढे गेला की झाडाला हात लावण्याआधी परवानगी. आणि आवाजाचा नियम तर विचारू नका. निवासी भागात रविवारी आणि सुटीच्या सणाला दिवसभर, आणि एरवी रात्री आठ ते सकाळी सात, यंत्राची करवत चालवायची नाही, बॅटरीची असली तरी. शेजारी घड्याळ बघून बसलेले असतात. कधीकधी वाटतं, एवढ्या शिस्तीत झाडंही विचारून वाढत असतील.

मागच्या ऑक्टोबरात सासरे आले होते. रविवारी सकाळी चहा घेऊन परसात गेले आणि हातकरवतीने हेझलच्या झुडपाची एक फांदी कापायला लागले. हातकरवतीला कायद्यात बंदी नाही. पण शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. बोलले काही नाहीत, नुसते उभे. सासऱ्यांनी हात जोडले, त्यांनी मान लववली, आणि काम थांबलं. सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला तेच आजोबा स्वतःची दांड्याची करवत घेऊन आमच्या दारात हजर! दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. सासरे एक फांदी दाखवायचे, आजोबा मान हलवून दुसरी दाखवायचे, मग दोघे मागे सरून झाडाकडे बघायचे. बराच वेळ एकही फांदी पडली नाही. सासरे तणतणत आत आले: "हा माणूस कापणार आहे की पूजा घालणार आहे?"

हे बघत उभं राहणं इथे शिकवतात. गावोगावी फळझाडं आणि बागांची मंडळं आहेत, ती हिवाळ्यात छाटणीचे वर्ग घेतात. कडाक्याच्या थंडीत शनिवारी सकाळी पंचवीस-तीस माणसं एका सफरचंदाभोवती जमतात, आणि शिकवणारा करवत हातात न घेता आधी विचारतो, "या झाडाला काय हवंय?" एका फांदीवरून दोन निवृत्त गृहस्थांचं कडाक्याचं भांडण मी तिथे पाहिलंय. आमच्या या रेम्स खोऱ्यात छाटणीवरून भांडायची परंपराच आहे. इथले हेल्मुट पाल्मर (१९३०–२००४) हे फळबागायतदार स्वित्झर्लंडहून ओएशबेर्ग पद्धतीची छाटणी शिकून आले: मधलं खोड, भोवती चार मुख्य फांद्या, आणि आत ऊन शिरेल एवढी मोकळीक. सरकारी सल्लागार झाडं चुकीची छाटायला शिकवतात म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांशी उभा दावा मांडला, अपमान केल्याबद्दल तुरुंगात गेले, दोनशेहून जास्त निवडणुका लढवल्या आणि हरले. लोक त्यांना 'रेम्स खोऱ्याचा बंडखोर' म्हणत. छाटणीच्या पद्धतीवरून तुरुंगापर्यंत जाणारा माणूस! आपल्याकडे उसाच्या दरावरून होतं असं, झाडाच्या फांदीवरून कोण करेल?

आणि इथेच माझा जीव चडफडतो. कोथरूडच्या सोसायटीत मेअखेरीस टेम्पो येतो. कंत्राटदार फांद्यांचे पैसे टेम्पोच्या खेपेवर ठरवतो, म्हणजे जितकं जास्त कापेल तितकं बरं. गुलमोहराचं टक्कल करून तो जातो, वरच्या मजल्यावरचे 'उजेड आला' म्हणून खूश होतात, आणि पुढच्या वर्षी त्याच खुंटांतून फुटलेल्या कच्च्या फांद्या पहिल्या वादळात गाड्यांवर पडतात. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडेही आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, अर्ज आहेत, शिक्के आहेत. परवानगीचा कागद सेक्रेटरींनी फाइलला व्यवस्थित लावलेला असतो. फांदी नेमकी कुठे कापायची हे त्या कागदावर नसतं आणि कापणाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं.

बरं, हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. भाताच्या रोपवाटिकेला राब भाजायचा म्हणून ऐनाची कवळ तोडणारा माणूस कंबरेला कोयती लावून सरसर वर जायचा, आणि कुठली फांदी ठेवली तर पुढच्या साली झाड पुन्हा भरेल हे त्याला सांगावं लागत नसे. आमच्या आगरात माडावर चढणारा पाडेली झावळ ओढण्याआधी हात लावून बघायचा. ही माणसं मुंबईला गेली, त्यांची मुलं चढत नाहीत, आणि त्यात काही गैर नाही, माडावरून पडून मोडलेली माणसं मी पाहिलीत. पण त्यांच्या जागी काय आलं? दादाने पाठवलेला फोटो आला.

फोटोत चार इंची पट्टीची, एका हाताने धरायची छोटी करवत. वर लिहिलंय '४८ व्होल्ट'. दादाला म्हटलं, अरे, लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. पाच जोडले की १८. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल चारच्या जरा वर जातो, म्हणून त्याच बॅटरीला कुणी २० म्हणतं, कुणी २१. मुठीएवढ्या डबीत पाच सेल असतील तर अठ्ठेचाळीस आणणार कुठून? बघायचं ते व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्टची ४ अँपिअर-तासाची आणि ३६ व्होल्टची २ अँपिअर-तासाची, दोन्हींत साठा सारखाच, ७२ वॉट-तास. ३६ वाली जाड लाकडात दम टाकत नाही हे खरं, पण मनगटाएवढ्या फांद्यांना १८ पुष्कळ झाली. घरी ड्रिल मशीन ज्या कंपनीचं आहे तिचीच करवत घेतली तर बॅटरी दोन्हीकडे चालते. पैसे खरे बॅटरीतच जातात.

"आणि पँट?" मी विचारलं. "कसली पँट?" दादा म्हणाला. इथे साखळी-करवत घेताना दुकानदार विजार दाखवतो. तिच्या थरांत लांब धागे भरलेले असतात, साखळी लागली की ते बाहेर ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि ती जागीच थांबते. अशा विजारीला शंभर युरोच्या पुढे मोजावे लागतात, तरी लोक घेतात. "अगो, इथे मे महिन्यात पंचा नेसवत नाही, आणि तू विजार सांगतेस," दादा म्हणाला. उन्हाचं त्याचं म्हणणं मला मान्य. पण पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला, की करवत उसळून तोंडाकडे येते. मोठ्या करवतींना त्यासाठी साखळीचा ब्रेक असतो, त्या चार इंचीला नाही. आणि ती आपल्याकडे लोक एका हाताने चालवतात, दुसऱ्या हातात फांदी, पायात स्लिपर, खाली शिडी धरायला पुतण्या! वरच्या मुठीच्या, झाडावर चढून चालवायच्या करवती इथे शिकलेल्या वृक्षकर्मींसाठी असतात, आणि तेसुद्धा आधी दोराने स्वतःला बांधून घेतात.

शिडी टाळायलाच दांड्याची करवत काढलीय. तिच्याबद्दल दुकानात कुणी सांगत नाही ते हे: वजन चार ते सात किलो, आणि मोटर दांड्याच्या टोकाला असेल तर सगळा भार तिथेच. किती मीटर पोचते ते विचारण्याआधी ती पूर्ण लांब करून तिरकी धरून बघा. दोन मिनिटांत खांदा उत्तर देतो. फांदीच्या बरोबर खाली कधी उभं राहायचं नाही, बाजूला राहून दांडा तिरपा ठेवायचा. शेजारच्या आजोबांनी त्या सोमवारी अखेर कापली तेव्हा आधी खालून थोडा छेद, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे साल सोलवटत खाली जात नाही. उरलेला खुंट शेवटी, खोडापाशी जे फुगीर कडं असतं त्याच्या बाहेरून. कडं शाबूत राहिलं तर जखम झाड स्वतः बुजवतं, म्हणून इथे वर काही फासत नाहीत. मामा, हे मात्र तुम्ही जसंच्या तसं उचलू नका. आपल्या आंब्याला भिरूड लागते. जुनी कलमं छाटून नवी करायचं तंत्र दापोलीच्या विद्यापीठाने तुमच्या दारात दिलंय, त्यात कापावर बोर्डो पेस्ट लावायला सांगतात, ती लावाच.

साखळी बोथट झालीय की नाही हे भुशावरून कळतं. कपचे पडत असतील तर धार आहे, पीठ पडायला लागलं की कानस काढा. आणि साखळीला तेल साखळीचंच. गॅरेजमधलं जळलेलं काळं ऑइल ओतून ते फळझाडाखालच्या मातीत उडवण्याची आपली काटकसर मला अजिबात मान्य नाही.

कुंपणापलीकडच्या फांद्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. १९०० पासून लागू असलेल्या इथल्या दिवाणी संहितेत लिहिलंय, की शेजाऱ्याच्या झाडाचं फळ आपणहून आपल्या जमिनीत पडलं तर ते आपलं. फांदी हलवून पाडलं तर नाही. आत आलेली फांदी त्रास देत असेल, तर शेजाऱ्याला मुदत देऊन आपण कापू शकतो. बर्लिनमधल्या एका काळ्या पाइनच्या खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं, की त्याने झाड मरण्याचा धोका असला तरी हा हक्क राहतो, झाडांच्या संरक्षणाचे नियम आड येत नसतील तर. दादाला हे वाचून दाखवलं. गडग्यापलीकडे पडलेल्या नारळांवरून आमच्या घराचं आणि वरच्या घराचं दोन पिढ्या बोलणं नाही. तो म्हणाला, "आमच्याकडे हा कायदा असता, तर भांडायला काय उरलं असतं?"

"येताना घेऊन ये" हा आग्रह अजून सुटलेला नाही. विमानात सुटी बॅटरी सामानात टाकता येत नाही, जवळ ठेवावी लागते, आणि १०० वॉट-तासांच्या वर असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणून मे महिन्यात मी दादाला यंत्र आणणार नाही. वाकड्या पात्याची जपानी हातकरवत आणेन, बांबूवर बांधता येईल अशी. मनगटाएवढ्या फांदीला ती बॅटरीइतकीच झटपट, आणि दमणूक होते म्हणून माणूस नको ती फांदी कापत नाही. ज्यांना यंत्रच हवंय त्यांनी १८ व्होल्टची, दहा इंचांच्या आतल्या पट्टीची, भारतात सुटे भाग मिळतील अशा कंपनीची घ्यावी, आणि पहिला काप जमिनीवर पडलेल्या एखाद्या ओंडक्यावर घ्यावा. सेक्रेटरींनी टेम्पोच्या खेपेऐवजी झाडागणिक दर ठरवावा, तेवढं त्यांच्या हातात आहे.

आणि विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला कुणीही हात लावू नका. दांडा बहुतेकदा ॲल्युमिनियमचा असतो. महावितरणला कळवा, लाइन बंद होईपर्यंत थांबा.