तळेगाव (श्यामजी पंत) ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तळेगावहून नागपूर विमानतळ सुमारे 100 किलोमीटर. नागपूर ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर साधारण 12,600 किलोमीटर भरते, पण थेट विमान नाही. दोहामार्गे गेल्यास नागपूर-दोहा 2,800 आणि दोहा-न्यूयॉर्क सुमारे 10,800, म्हणजे हजारेक किलोमीटरचा वळसा पडतो.

खरा घोळ तिकिटावरच्या वेळेत होतो, कारण तिथे दोन्ही विमानतळांची स्थानिक वेळ छापलेली असते. समजा, 15 जानेवारीला पहाटे 4 वाजता नागपूरहून उड्डाण आहे. दोहापर्यंत साडेचार तास, तिथे तीन तास थांबा, पुढे 14 तास. एकूण साडेएकवीस तास. तरी तिकिटावर पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी दुपारी 3 दिसेल! न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते (उन्हाळ्यात साडेनऊ).

आता तारीख नीट पाहा. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे आणि रस्त्याला दोन तास धरायचे, तर घरून 14 तारखेच्या रात्री 11 लाच निघावे लागते. '15 तारखेचे विमान' म्हणून 15 च्या रात्री निघालात, तर विमान केव्हाच गेलेले असेल.

परतीचा प्रवास थोडा लवकर होतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे विमानाला मागून रेटतात, त्यामुळे न्यूयॉर्क-दोहा टप्प्यात तासाभराहून अधिक वेळ वाचतो.