कुत्र्याला फिट आली? तोंडात हात घालू नका
दोडामार्ग : घरचा कुत्रा अचानक आडवा पडून पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला की ‘पिसाळला’ म्हणून काठी उचलली जाते. थांबा. अपस्मार, डिस्टेंपर, काजूबागेत फवारलेलं औषध पोटात जाणं, यानेही फिट येते. चप्पल-कांदा हुंगवू नका, पाणी पाजू नका. जीभ गिळली जात नाही, बोटं मात्र तुटतील. घड्याळ बघा, व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तोच उपयोगी. ५ मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली तर जनावरांचा दवाखाना गाठा, नाहीतर १९६२ ला फोन करा. पण आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, तर जवळ जाऊच नका. चावला, लाळ जखमेला लागली, तर साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्या.